एका कार्डावर चार हात

मी घरी गोष्ट सांगायला बसलो की बायको आधी उठून गॅस बंद करते. एकदा माझी गोष्ट ऐकता ऐकता तिचं दोन लिटर दूध उतू गेलं, आणि गोष्टीतला माणूस अजून साकोलीच्या बस स्टँडवरून निघालासुद्धा नव्हता. तेव्हापासून ही खबरदारी. वाचकांनीही चुलीवर काही असेल तर एकदा पाहून यावं. मी थांबतो.

साकोलीत स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड असं बरंच काही आहे आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, ‘जुना पी.एफ. शोधून मिळेल’. पाटी रंगवणाऱ्याची जागा संपली म्हणून अक्षर बारीक झालं. पण दुकान चालतं ते त्या मुंगीवरच. मुलींना शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा असला की घरात वाद व्हायचा. थोरली म्हणायची दुकानदार, धाकटी म्हणायची सरकारी काम. बायको आतून ओरडायची, “लिवा ना, लोकायचे पैसे शोधते अन् सोताचा चष्मा शोधाले मले सांगते!”

काम सोपं आहे, समजावून सांगतो. आमच्या भागात एकेकाळी घरोघरी बाया बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, हातात कैची. संध्याकाळी वळलेल्या बिड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. कारखाना हे नाव फार मोठं झालं. एक लांबलचक कौलारू खोली, एक तराजू, तंबाखूची पोती आणि नाकाला रुमाल बांधलेली दोन-तीन माणसं, बस. कंपनीच्या वतीनं हा कारखाना चालवणारा ठेकेदार, त्याला सट्टेदार म्हणतात. बायांच्या मजुरीतून दर आठवड्याला थोडी रक्कम पी.एफ.साठी कापली जायची, तेवढीच कंपनी घालायची, आणि ते सगळं नागपूरच्या कार्यालयात बाईच्या नावे जमा व्हायचं.

पुढे ठिकठिकाणचे कारखाने बंद झाले. बाया धानाच्या रोवणीला गेल्या, तेंदूपत्ता तोडायला गेल्या, लेकींच्या बाळंतपणात गुंतल्या. नागपूरला आपला पैसा आहे हे डोक्यातून गेलं. पैसा मात्र कुठं गेला नाही. तो बाईच्या नावानं तिथंच बसून राहिला, कोणी हाक मारील म्हणून. ती हाक मारायचं काम माझं.

हे मला कसं जमतं? मी शहाणा आहे म्हणून नव्हे. मी अशाच एका कारखान्यात सोळा वर्षं कारकून होतो म्हणून. चेकर बिड्यांवरून हात फिरवायचा, वाईट बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा आणि राहिलेल्यांची संख्या ओरडायचा. मी ती रजिस्टरमध्ये लिहायचो. त्या गर्दीत नावं कोण घेणार? नंबर घ्यायचे. कारखाना बंद झाला तेव्हा मला जगात दोनच गोष्टी येत होत्या, सुवाच्य अक्षर आणि बायांचे नंबर.

तेच कामी आलं. बाई दुकानात येते, तिच्याकडे कागद नसतो. कागद उधईनं खाल्लेला, नाहीतर लेकानं पतंगाला चिकटवलेला. पासबुक नाही, पावती नाही, कंपनीचं पूर्ण नाव आठवत नाही. मी तिला नाव-गाव काही विचारत नाही. तिच्याकडे न पाहता, जुन्या कारकुनाच्या तिरसट आवाजात ओरडतो, “नंबर?” आणि बाईच्या तोंडून आपोआप निघतं, “एकशे बारा!” मग तीच दचकते, तोंडाला पदर लावून हसते. “कसा याद रायला माय!” नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी बाई नंबर घ्यायला लाजत नाही. या एका ओरडण्यावर मी दोन पोरींची लग्नं केली, असं बायको म्हणते. त्यात थोडं कौतुकही असावं, असं मी समजतो.

एकदा करडीकडचे एक म्हातारे आले. तलावात मासे धरणारे. बायको वारलेली, तिचा नंबर त्यांना ठाऊक नव्हता. जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळलेला पत्र्याचा फर्मा त्यांनी टेबलावर ठेवला. फर्मा म्हणजे पान कापायच्या मापाचा पत्रा. “तिचं येवढंच हाये,” म्हणाले. मी तो उजेडाकडे धरून तिरपा केला. कोपऱ्यात सुईनं कोरलेले तीन आकडे होते. शेजारणीशी फर्म्याची अदलाबदल होऊ नये म्हणून बाया असा नंबर कोरून ठेवत. त्या तीन आकड्यांवर वारसाचा दावा लागला आणि पाच-सहा महिन्यांनी पैसे आले. म्हाताऱ्यांना मी पासबुक दाखवायला लागलो तर त्यांनी हात पुढे केला. “ते पायतो मंग. आंधी तो पत्रा वापस द्या.”

आणखी एक आजी होत्या. पैसे खात्यात आले हे कळल्यावर त्या दुसऱ्या दिवशी पायलीभर लाखोळीची डाळ घेऊन आल्या. मला वाटलं माझ्यासाठी. मी नको नको म्हणत पिशवी पुढे ओढली. आजी म्हणाल्या, “तुह्यासाठी नोहे बाबू. ज्या साहेबानं एवढे वर्सं माहे पैसे संभाळले, त्याले दे.” तो साहेब म्हणजे एक माणूस नसतो, हे त्यांना पटवता पटवता मी थकलो. शेवटी डाळ ठेवून घेतली. खाल्ली कोणी ते विचारू नका.

असे अनुभव मी लग्नाकार्यात सांगतो, लोक हसतात, मी पान खातो. पण एक गोष्ट मी इतकी वर्षं सांगितलेली नाही, कारण त्यात हसण्यासारखा माणूस मीच आहे. ती आज सांगतो.

तीन-चार वर्षांपूर्वी एक बाई दुकानात आली. पन्नाशी ओलांडलेली, बारीक, हातात कापडी पिशवी.

“जयभीम बाबूजी. वळखलं का?”

“नंबर?” मी सवयीनं ओरडलो.

“सत्त्याऐंशी,” ती म्हणाली आणि माझ्या हातातला पेन तिथंच थांबला.

ती पार्बताबाई. आमच्या कारखान्यात बारा वर्षं बिड्या दिल्या तिनं. छाट कधी निघायची नाही, चेकर तिच्या बिड्यांवरून नुसता हात फिरवायचा. नवरा वारला होता. सरकारी घरकुल मंजूर झालं होतं, पण अडकलं होतं.

“सज्ज्यापर्यंत आलं घर,” ती म्हणाली. “पुढचा हप्ता स्लॅब पडल्याबिगर भेटत नाई, अन् स्लॅब पैशाबिगर पडत नाई. भिंतीले मेनकापड बांधून झोपून रायली मी. नागझिऱ्याच्या जंगलातून डुकरं येतेत वावरात, तवा तं राती डोये लागत नाई. माहा पी.एफ. काढून द्या बाबूजी.”

मी संगणकाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. तपासायची गरजच नव्हती. सत्त्याऐंशी नंबरावर कोणाचं नाव आहे हे मला पक्कं माहीत होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. नाव होतं सगुणाबाईंचं. पार्बताबाईची थोरली जाऊ.

हे कसं, ते सांगतो. आमच्या सट्टेदाराचा नियम होता, एका घराला एकच कार्ड. नवीन कार्ड म्हणजे नवीन फोटो, नवीन फॉर्म, नवीन खातं. त्याला ते नको असायचं. त्यामुळे कार्ड एकीचं आणि त्यावर वळणारे हात दोघींचे, कधी तिघींचे, हे गावोगाव चालायचं. कोणाला त्यात गैर वाटत नव्हतं. पाणी भरायचा पितळी गुंड एक असतो आणि भरायला घरातली कोणीही जाते, तसं. सगुणाबाईंनी कार्ड काढलं, पहिली चार वर्षं त्यांनीच बिड्या वळल्या. मग त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. त्याच सुमाराला पार्बता सून म्हणून घरात आली, आणि सासूनं तिच्या मांडीवर सूप ठेवलं. नंबर तोच, सत्त्याऐंशी. कारखाना बंद होईपर्यंत पुढची बारा वर्षं पार्बतानं बिड्या वळल्या.

एकदा ती मला म्हणाली होती. नवी नवरी होती तेव्हा, मान खाली घालून. “बाबूजी, कार्डावर माहं नाव चढवा ना.”

मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. म्हणालो, “चढवू ना पुढच्या महिन्यात. अन् काय फरक पडते? पैसा तं एकाच चुलीवर जाते.”

नाव चढवायचं तर सट्टेदाराशी हुज्जत घालावी लागली असती. सट्टेदार तोंडाचा फाटका. मी पुढचा महिना पुढे ढकलला, मग त्याच्या पुढचा. मी वाईट माणूस नव्हतो, आळशी आणि भित्रा होतो. पण रजिस्टरमध्ये वाईट माणसाचं आणि आळशी माणसाचं लिहिणं सारखंच दिसतं.

मग सासू-सासरे गेले, वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या. आणि बांधावरच्या एका मोहाच्या झाडावरून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा आधी झाडून ठेवतात. एका पहाटे सगुणाबाईंनी झाडलेल्या जागेवरची फुलं पार्बतानं वेचली, किंवा पार्बतानं झाडलेल्या जागेवरची सगुणाबाईंनी. दोघींच्या दोन साक्षी आहेत, मी निकाल देणार नाही. त्याला नऊ वर्षं झाली होती. अंगण एक, पण नऊ वर्षं एकीनं दुसरीला हाक मारलेली नव्हती.

हे सगळं मी पार्बताबाईला सांगितलं. म्हणजे, पैसा सगुणाबाईंच्या नावावर आहे एवढंच सांगितलं. ‘पुढच्या महिन्यात’चं बोललो नाही. तिनं पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाली, “लोक तं काढतेत. उर्फ लावून.”

हे ‘उर्फ’ आमच्या धंद्यातलं मोठं औषध आहे. ‘सगुणा उर्फ पार्बता ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करायचं, की झालं. काही ठिकाणी ते खरं असतं. लग्नानंतर नाव बदललेली बाई, तिला दुसरा इलाज नसतो. पण इथं दोन जिवंत बाया एका अंगणात नांदत होत्या. मी नाही म्हटलं. त्यात माझी नीतिमत्ता वगैरे काढू नका. खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही दुसऱ्यानं केली तरी घाम मला फुटतो.

“तुमी चिंता करू नका,” मी म्हटलं. “सगुणाबाईंसोबत मी बोलतो.”

आणि रविवारी स्कूटर काढून निघालो. वाटेत मी भाषण जुळवत होतो. आधी जुन्या दिवसांची आठवण, मग पार्बताबाईचे कष्ट, मग मेनकापड आणि शेवटी अलगद पैशाचा विषय. असं भाषण, की सगुणाबाई डोळे पुसत अंगठा पुढे करतील.

सगुणाबाई पासष्टीच्या. अंगणात धान पाखडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “ये बाबूजी. आज कसा काय रस्ता चुकला?” चहा आला. काळा, गूळ घातलेला. मी घोट घेतला, घसा साफ केला, आणि काय झालं कोण जाणे, भाषणाचं शेवटचं वाक्य आधी निघालं.

“सगुणाबाई, तुमचे नागपूरले पैसे हायेत. बिडीच्या पी.एफ.चे.”

सूप थांबलं. “माहे?”

“हो. म्हणजे...”

“किती?”

मी अंदाज सांगितला.

“अगाऽऽ माय! अन् कोणी सांगतलं बी नाई. मंग काढून दे ना मले!”

“पण ते असं आहे की...”

“पण कायचं? नाव कोनाचं हाय?”

“तुमचं.”

“फोटो?”

“तुमचा.”

“मंग तुले तोंड वाकडं कराले काय झालं?”

“बिड्या पार्बताबाईनं वळल्या, सगुणाबाई.”

“अन् पयले चार वर्सं कोनं वळल्या, तुह्या बापानं?” त्यांनी सूप आपटलं. “अंगनवाडीत जलम गेला माहा. घरी बसवलं तं हातात काय देल्लं? एक नारळ अन् शाल. इतक्या वर्सानं काई माह्या नावाचं निंगते तं त्याच्यातबी हिस्सा पायजे तिले? सोमवारी येतो मी तुह्या दुकानात. कागद काय काय लागते ते सांग.”

सोळा वर्षं कारकुनी केलेला आणि पुढे एवढी वर्षं धंद्यातला जाणकार मी, ज्या बाईला या पैशाची गंधवार्ता नव्हती, तिच्या अंगणात जाऊन, तिचा चहा पिऊन, तो तिला सांगून आलो होतो. घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. गॅस बंद करून. मग म्हणाली, “चोराले घर दाखवलं म्हनावं तं ते बाई चोर बी नाई. कायद्यानं मालकीन हाय. तुमाले काय म्हनावं तेच समजत नाई.”

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर कोणीतरी बसलेलं होतं. पार्बताबाई. गावात बातमी स्कूटरच्या आधी पोचते.

“तुमीच सांगतलं तिले?”

“हो. पण माझ्या मनात...”

“तुमच्या मनात चांगलंच रायते, बाबूजी. तवाबी चांगलंच होतं. काय फरक पडते म्हनत होते तुमी.” म्हणजे तिलाही ते वाक्य शब्दाशब्दानं आठवत होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “बारा वर्सं रोज संध्याकाळी तुमी माहा नंबर लिवला. एक डाव नाव लिवलं असतं.”

पिशवी उचलून ती निघून गेली. मी कुलूप हातात धरून उभा राहिलो. दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं.

दुपारी सगुणाबाई आल्या. कागद बरोबर आणले होते, एकही कमी नाही. कायद्यानं त्यांचं काम मला नाकारता येत नव्हतं. नाकारलं असतं तर दुसऱ्या दुकानात झालं असतं. फॉर्म भरले. एक जमा रकमेचा, आणि सोळा वर्षांची नोकरी धरली जात असल्यामुळे दुसरा दरमहा पेन्शनचा. कारखाना बंद असल्यानं बँकेच्या मॅनेजरची सही लागते, तेही समजावलं. मग ओळख पटवायला अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं. त्यांनी अंगठा टेकवला, आणि लगेच हिरवा दिवा लागला.

“अरे वा,” मी बोलून गेलो. मनात काही डाव नव्हता, नुसती धंद्यातली बडबड. “एकदम लागला. बिडीवाल्या बायांचा सहसा लागत नाही.”

“काहून?”

“पानं घासून घासून बोटाच्या रेघा जातात ना. यंत्राला काही दिसतच नाही.”

सगुणाबाईंनी आपला अंगठा डोळ्यांजवळ नेला. उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, “तिचा लागते का?”

“पार्बताबाईचा? नाही. त्या अजूनही दुसऱ्या कोणाच्या तरी बिड्या वळतात, बिनकार्डाच्या. त्यांच्या बोटावर आता काय उरलं असेल?”

“काम कर आपलं,” एवढंच म्हणाल्या, आणि अर्जावर सही करून गेल्या. सही गोल वळणाची, ठसठशीत. अंगणवाडीत शिकलेली.

अर्जाला काही महिने लागले. मध्ये एक कागद कमी म्हणून परत आला. चूक माझीच होती, बँकेच्या शिक्क्याची जागा मी रिकामी सोडली होती. धान निसवलं, कापणी आली. पार्बताबाई दुकानाकडे फिरकली नाही. स्टँडवर एकदा दिसली. मी हात वर केला, तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. मला तो हात खाली कसा आणावा ते कळेना, म्हणून मी डोकं खाजवलं.

मग एका बाजाराच्या दिवशी सगुणाबाई दुकानात शिरल्या. “पैसे आले,” म्हणाल्या. त्यांच्या मागे पाच पावलांवर, दाराच्या चौकटीला धरून, पार्बताबाई उभी होती. दोघी एकाच बसनं आल्या होत्या. एक पुढच्या सीटवर, एक मागच्या. निरोप गावातल्या एका पोराच्या तोंडून गेला होता.

“इकडे ये,” सगुणाबाई मागे न पाहता म्हणाल्या. नऊ वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य होतं, असं मला नंतर कळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “राशन दुकानात हिच्या मागं उभी होती मी. पाच डाव अंगठा लावला हिनं. लुगड्याले पुसला, थुका लावला, पुना लावला. तो पोट्टा म्हने, मावशी, बाजूले व्हा. लोक हासून रायले होते.” त्यांनी पासबुक टेबलावर ठेवलं. “चार वर्सं माहे. बारा तिचे. सोळा आने झाले. हिसोब तू लाव, तुह्याच अक्षरानं बिघडला हाय.”

मी कॅल्क्युलेटर काढला. आनंदानं दोनदा चुकीची बटणं दाबली.

“चार नाई,” दारातून आवाज आला. “साडेचार. माहं लगन माघात झालं. तवापर्यंत तुमीच वळत होत्या, जाऊबाई.”

“चार म्हनतलं ना मी.”

“साडेचार हायेत तं चार कसे घेता? मंग मले कोनी बोलन तं?”

“तू मले गनित शिकवतं? अंगनवाडीत गनित कोन शिकवत होतं?”

“मदतनीस होत्या तुमी. खिचडी शिजवत होत्या.”

“खिचडी मोजूनच शिजवा लागते!”

नऊ वर्षांचं साचलेलं भांडण माझ्या टेबलावर सुटलं होतं आणि दोघीही एकमेकींना जास्त द्यायला भांडत होत्या. मी सव्वाचार सुचवून पाहिलं. दोघी एकदम माझ्यावर उलटल्या. “तू चूप रे!” आणि “तुमी नोका बोलू, बाबूजी!” शेवटी साडेचार ठरलं. पार्बताबाईचा स्लॅब पुढच्या महिन्यात पडला. मला बोलावलं होतं, मी नारळ घेऊन गेलो. माझी फी दोघींनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे दिली. मी घ्यायला नको होती, पण घेतली. मी असाच आहे.

पण खरी गंमत त्या हिशोबाच्या दिवशीच टेबलावर पडलेली होती, भांडणात आम्हाला आधी दिसली नव्हती. पेन्शनचा कागद. दर महिन्याला एक लहानशी रक्कम, सगुणाबाईंच्या नावे, त्या हयात असेपर्यंत.

“हे बी तसंच,” सगुणाबाई म्हणाल्या. “तिचा हिस्सा तिले.”

मला समजावून सांगणं भाग होतं. सांगितलं, की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागेल. अंगठा लावायचा, म्हणजे बाई जिवंत आहे हे कळतं. ज्या दिवशी सगुणाबाई नसतील त्या दिवशी हे बंद. पार्बताबाईच्या नावाशी या पैशाचा काही संबंध नाही. बारा वर्षं वळलेल्या बिड्यांची पेन्शन तिला मिळणार ती थोरल्या जावेच्या श्वासावर.

पार्बताबाई वळली आणि तिनं जावेकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बाजारात म्हैस पाहतात तसं. मग विचारलं, “बीपीची गोळी खाता का तुमी?”

“कदी कदी.”

“कदी कदी म्हंजे?”

तेव्हापासून सगुणाबाईंना सुख नाही. त्यांची तक्रार मी दरवर्षी ऐकतो. लोणचं बंद झालं. दवाखान्याची तारीख पार्बताला पाठ. मोह वेचायला पहाटे निघाल्या तर ही कंदील घेऊन पुढे, साप-विंचू असेल म्हणून. “नऊ वर्सं बरे गेले माहे,” त्या म्हणतात. मी माझ्या सासुरवाडीला, कारध्याला, या लोणच्या-कंदिलाचं तेवढं सांगितलं तर मेव्हणे म्हणाले, बाईला पेन्शनची काळजी आहे, जावेची नाही. असेल. मला ते वेगळं काढता येत नाही. रजिस्टरमध्ये दोन रकाने पाडायची हौस माझी संपली आहे.

यंदा दोघी आल्या तेव्हा सगुणाबाई खंगल्या होत्या. मध्ये पंधरा दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात होत्या. पार्बताबाईनं त्यांना खांद्याला धरून पायरी चढवली, खुर्चीत बसवलं. मी यंत्र पुढे केलं. सगुणाबाईंचा हात थरथरत होता. अंगठा टेकवला. दिवा लागला नाही. पुन्हा टेकवला. नाही. दुकानात झेरॉक्सला आलेली दोन-तीन माणसं होती, ती पाहायला लागली. मी म्हटलं, घाई नाही, सावकाश होऊ द्या. 

पार्बताबाईनं जावेचा हात आपल्या हातात घेतला. अंगठा काचेवर ठेवला आणि वरून आपला गुळगुळीत अंगठा दाबून धरला, थरथर थांबेपर्यंत.

हिरवा दिवा लागला.

मी दाखला छापून दिला. सगुणाबाईंनी तो हातात घेतला, दूर धरून वाचला, आणि मला विचारलं, “बाबूजी, खरं सांगजो. माह्यामागं हे पेन्शन हिले भेटन का? काही अर्ज-बिर्ज करता येते का?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. मी साऱ्या नियमांची पुस्तकं धुंडाळली होती, ओळखीच्या दोन वकिलांना विचारलं होतं. लोकांचे विसरलेले पैसे मी अंधारातून शोधून काढतो, पण जे नाव लिहिलंच गेलं नाही ते मला शोधता येत नाही.

“नाही, सगुणाबाई,” मी म्हटलं. “ते मी तेव्हाच लिहायला पाहिजे होतं.”

पार्बताबाईनं दाखल्याची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि जावेला खुर्चीतून उठवत म्हणाली, “मंग मराचं नाई, जाऊबाई.”

“बरं,” सगुणाबाई म्हणाल्या, आणि दोघी पायरी उतरून बसकडे निघाल्या.